मदत हवी आहे: गरीब आणि श्रीमंत देशांतली उद्योजकता एकाच मापाने मोजता येते का?

नमस्कार मंडळी,

एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी वेगवेगळ्या उत्पन्नगटांतल्या देशांच्या उद्योजकतेची तुलना करतेय, पण गाडी मापापाशीच अडली आहे.

हाताशी दोन आकडेवाऱ्या आहेत. एक ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटरची (जेम), १९९९ पासूनची. ते थेट लोकांना विचारतात. १८ ते ६४ वयाचे किती टक्के लोक धंदा उभारायच्या खटपटीत आहेत किंवा साडेतीन वर्षांच्या आतला धंदा चालवताहेत, तो आकडा म्हणजे टीईए. दुसरी जागतिक बँकेची: १५ ते ६४ वयाच्या दर हजार लोकांमागे वर्षभरात नव्याने नोंदलेल्या मर्यादित दायित्वाच्या कंपन्या.

दोन्ही शेजारी ठेवल्या की गोंधळ उडतो. २०१२ च्या जेममध्ये युगांडातले एक तृतीयांशाहून जास्त प्रौढ टीईएमध्ये बसतात, जपानमधले जेमतेम चार-पाच टक्के. नोंदणीच्या यादीत मात्र युगांडा तितका वर दिसत नाही. कारण उघड आहे. नोकरीच मिळत नाही म्हणून रस्त्याकडेला विक्री सुरू केलेली बाई टीईएमध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढणाऱ्या अभियंत्याइतकीच मोजली जाते, आणि नोंदणीत ती दिसतच नाही.

मार्गदर्शक म्हणतात, फक्त नोंदणीचा आकडा घे, तो स्वच्छ आहे. मला हे पटत नाही. गरीब देशांतले बहुतेक धंदे बिगरनोंदणीचेच असतात. तेच वगळले तर मी उद्योजकता मोजतेय की कंपनी कायदा, असा प्रश्न पडतो. शिवाय काही ठिकाणी कर वाचवायला कागदोपत्री कंपन्या काढतात, तेव्हा 'स्वच्छ' तरी कसं म्हणायचं?

म्हणून टीईएचे 'गरजेपोटी' आणि 'संधी दिसली म्हणून' असे दोन भाग करायचं ठरवलं. जेमनेच २००१ पासून हा भेद केला होता. पण २०१९ पासून त्यांनी प्रश्नच बदलला. आता चार हेतू विचारतात आणि एकच माणूस एकाहून जास्त हेतूंना होकार देऊ शकतो. जुनी मालिका नव्याला जोडायची कशी?

ज्यांनी ही आकडेवारी हाताळली आहे त्यांनी कृपया सांगा: २०१८ पर्यंतच थांबू का? आणि दोन मापांमधली तफावत हाच अनौपचारिकतेचा (म्हणजे बिगरनोंदणी धंदे किती आहेत याचा) निर्देशक म्हणून वापरला तर परीक्षकांपुढे टिकेल का? एक टक्केवारी आणि दुसरं दरहजारी प्रमाण आहे, त्यामुळे सरळ वजाबाकी चालणार नाही. क्रमवारीतला फरक घ्यावा असं मनात आहे, पण त्यातले धोके कुणी दाखवले तर फार मदत होईल.