हायवे टू हेवन: देवदूत मोठा की मार्क गॉर्डन?

मोगरा

बेसमेंट आवरताना जुन्या व्हीएचएस कॅसेटींचं खोकं सापडलं. एकीवर माझ्याच अक्षरात 'हायवे – स्कॉटी' असं लिहिलेलं. खाली बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाही.

१९८६ साली लग्न होऊन अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. हे संध्याकाळच्या शिफ्टला असत, ओळखीचं कोणी नाही, आणि बुधवारी रात्री आठला एनबीसी वाहिनीवर 'हायवे टू हेवन' ही मालिका लागायची. मायकेल लँडन जोनाथन स्मिथ नावाचा देवदूत. म्हणजे मेलेला वकीलच, अजून परीक्षेवर असलेला, पंख मिळायचे बाकी. आणि व्हिक्टर फ्रेंच मार्क गॉर्डन: ओकलंडचा माजी पोलीस, आयुष्याला कंटाळलेला, डोक्यावर सदा ती बेसबॉलची टोपी. दोघं गाडीतून गावोगाव फिरतात. 'बॉस' पाठवेल तिथं जातात.

आता माझा मुद्दा, आणि यावर मला खरंच वाद हवा आहे. लोक या मालिकेला 'देवदूताच्या चमत्कारांची मालिका' म्हणतात. माझ्या मते ती मार्कची मालिका आहे. जोनाथनची शक्ती कितीतरी भागांत नावालाच वापरली जाते. तो करतो काय? नोकरी धरतो. पहिल्याच भागात तो वृद्धाश्रमात कामाला लागतो. झाडांना पाणी घालतो, म्हाताऱ्यांशी बोलत बसतो. मला तेव्हा नाथांच्या घरी कावडीनं पाणी भरणारा श्रीखंड्या आठवला होता. देव आला तो कामाला गडी म्हणून आला, ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

उंबरठा

मोगराताई, आठवण सुंदर लिहिलीत, पण श्रीखंड्याची तुलना मला मान्य नाही. आणि चमत्कार कमी होते हेही नाही.

मी ही मालिका पुढं पुनःप्रक्षेपणात पाहिली, बरीचशी. पाच वर्षांत १११ भाग. जवळजवळ प्रत्येकात कुणाचं तरी घर, शाळा, लेकरू संकटात असतं, दोन परके येतात, तासाभरात एखाद्या कठोर माणसाचं मन वितळतं आणि गाडी पुढं जाते. डिक व्हॅन डाइकनं रस्त्यावर राहणाऱ्या कठपुतळीवाल्याचं काम केलेला भाग आठवतो? काम अप्रतिम आहे, मी रडलोय. पण तो काळ कोणता? सरकार गरिबांच्या घरांचे पैसे कापत होतं आणि अमेरिकेच्या शहरांत माणसं फुटपाथवर येत होती. मालिकेचं उत्तर काय, तर थोडी माया दाखवा. माया हवीच. पण घरभाडं मायेनं भरत नाही.

आणि आपल्याच गोष्टींकडे जायचं तर दामाजीपंत आठवा. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची कोठारं फोडली, डोकं उडेल हे ठाऊक असून. विठू रक्कम भरायला गेला तो त्यानंतर. आधी माणसानं जोखीम घेतली, मग देव आला. इथं क्रम उलटा आहे: देवदूत येईपर्यंत सगळे हातावर हात ठेवून बसलेले.

पायवाट

उंबरठा +१. शिवाय संगीत. डेव्हिड रोझ थोर माणूस, 'बोनान्झा' आणि 'लिटल हाउस' या मालिकांचंही संगीत त्यांचंच, पण इथं व्हायोलिनं प्रेक्षकाच्या आधी रडायला लागतात. मला माझं माझं रडू द्या.

मोगरा

पायवाट, संगीताबद्दल भांडणार नाही, तिथं तुमचं बरोबर आहे.

उंबरठा, दामाजीपंतांचा मुद्दा मनाला लागला. दोन दिवस विचार केला. पण म्हणूनच मी मार्कचं नाव घेतलं. मार्कला शक्ती नाही, पगार नाही, मेल्यावर पंख मिळतील अशी हमी नाही. त्याला पहिल्या भागात कळतं की हा माणूस देवदूत आहे आणि तो म्हणतो, मी गाडी चालवतो. जोनाथनला पाठवलंय, मार्क स्वतःहून गेलाय. तुमचं कोठार फोडणं तेच आहे, लहान आकाराचं.

आणि ज्या कॅसेटवरून मी सुरू केलं तो स्कॉटी. जेम्स ट्रोश हा नट खरोखरच मानेखाली लुळा होता, आणि त्याला व्हीलचेअरवरचा वकील म्हणून पुन्हा पुन्हा बोलावलं. त्याचं लग्न दाखवलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देवदूत मित्र असूनही त्याला कुणी चालतं केलं नाही! आपल्याकडच्या किती सिनेमांत आंधळ्याला शेवटी दिसतं आणि पांगळा आरतीत उभा राहतो, आठवून बघा. इथं स्कॉटी खुर्चीतच राहतो आणि आयुष्य त्याच्यापर्यंत येतं. १९८५च्या आसपास टीव्हीवर हे दाखवणं सोपं नव्हतं. हा निर्णय लँडनचा. मालिका त्याचीच होती, कितीतरी भाग लिहिले आणि दिग्दर्शित केले त्यानंच.

रातराणी

मधे बोलते. मी 'टच्ड बाय ॲन एंजल' या दुसऱ्या देवदूत-मालिकेवाली. १९९४ ते २००३, सीबीएस वाहिनी. रोमा डाउनी मोनिका, डेला रीस टेस, आणि टेसची ती लाल उघडी कॅडिलॅक.

तिच्यात उपदेश जास्त होता, मान्य. शेवटी मोनिकाच्या मागं उजेड येणार, ती सांगणार की देवाचं तुझ्यावर प्रेम आहे, आणि कबुतर उडणार. दर आठवड्याला तेच. पण त्या मालिकेत अँड्र्यू होता, जॉन डायनं केलेला मृत्यूचा देवदूत. मी टेक्सासमध्ये नर्स आहे, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांबरोबर काम करते. लहानपणी ऐकलेला यम रेड्यावर बसून पाश घेऊन येतो. अँड्र्यू येऊन शेजारी बसतो. वाचवत नाही, लांबवत नाही, बसतो. उंबरठा म्हणतात तसं बाहेरचं काही बदलत नाही, हे खरं. पण काही खोल्यांत बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं, आणि तिथं बसता येणं हेच काम असतं. ते मी त्याच्याकडून शिकले, असं म्हणायला मला संकोच नाही.

उंबरठा

रातराणी, तुमच्या खोलीपुढं माझा युक्तिवाद चालत नाही. तिथं मी गप्प.

मोगराताई, स्कॉटीचा भाग शोधून पाहिला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्याला बरं न करणं ही धाडसाची गोष्ट होती. माझं मूळ म्हणणं मात्र तसंच आहे. मला असा एक तरी भाग हवा होता ज्यात गावकरी आधीच उभे राहिलेले आहेत आणि जोनाथन फक्त रांगेत शेवटी येऊन उभा राहतो. मार्कपुरतं मान्य. मार्कसारखे पन्नास हवे होते.

मार्कचं शेवटी काय झालं?

मोगरा

पन्नास मार्क! अशी मालिका मी आजही बघेन.

मार्कचं काय झालं ते गोष्टीत नाही. व्हिक्टर फ्रेंच १५ जून १९८९ला फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला, वय ५४. दोन वर्षांनी, १ जुलै १९९१ला लँडन गेला, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं. त्याचंही वय ५४.

फ्रेंच गेल्यावरही काही भाग दाखवायचे बाकी होते. शेवटचा ४ ऑगस्टला लागला. त्यासाठी मी नवी कॅसेट आणून ठेवली होती, वर तारीखही लिहिली होती. ह्यांनी विचारलं, लावू का? मी नको म्हटलं. खोक्यात ती पण निघाली, कोरी.

रातराणी

ताई, तो भाग आता सहज मिळतो. बघायचा असेल तर सांगा, इथून मीही त्याच वेळी लावते.

मोगरा

बुधवारी आठला?