विक्रीचा डॅशबोर्ड हवा की महिनाअखेरचा छापील रिपोर्ट?

प्रश्न
घाऊक वितरणाचा धंदा आहे. टॅलीतला डेटा रोज रात्री एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये येतो. मालकांना गावनिहाय आणि सेल्समननिहाय विक्री फोनवर बघायची आहे. सीए आणि बँकेला मात्र दर महिन्याला येणी आणि स्टॉकचं छापील स्टेटमेंट लागतं. पॉवर बीआयच्या (आलेख-तक्ते पडद्यावर दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) डॅशबोर्डवरच दोन्ही भागेल, की एसएसआरएस (छापील रिपोर्टसाठीचं मायक्रोसॉफ्टचं साधन) वेगळं बसवावं?

उत्तर १
ज्यावर सही-शिक्का होणार, ते डॅशबोर्डवरून छापू नका. तक्त्याला स्क्रोलबार असेल तर पीडीएफमध्ये तेवढ्याच ओळी येतात ज्या पडद्यावर दिसतात. तीनशे पार्ट्यांच्या यादीतल्या पंचवीस छापल्या जातील आणि एरर काहीच येणार नाही.

एसएसआरएस नव्याने बसवू नका, २०२२ ही त्याची शेवटची आवृत्ती. पॉवर बीआय रिपोर्ट बिल्डर मोफत आहे, त्यात पेजिनेटेड रिपोर्ट, म्हणजे पानापानांत नीट छापता येणारा रिपोर्ट, बनवा. प्रो लायसन्सवर तो सर्व्हिसमध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या ऑनलाइन भागात, चालतो. ए४ कागद २१ सेंमी रुंद, दोन्ही मार्जिन दीड-दीड सेंमी, म्हणजे बॉडी (रिपोर्टचा मजकुराचा भाग) १८ सेंमीच्या आतच हवी. जरा जरी वाढली तरी मध्ये-मध्ये कोरी पानं निघतात. प्रत्येक पानावर शीर्षक यायला रो ग्रुप्समध्ये ॲडव्हान्स्ड मोड चालू करा, वरचं 'स्टॅटिक' निवडा, 'रिपीट ऑन न्यू पेज' ट्रू आणि 'कीप विथ ग्रुप' आफ्टर करा.

उत्तर २
खरी गोची मागच्या तारखेच्या व्हाउचरांची (हिशेबातल्या नोंदींची) आहे. ५ जूनला मे महिन्याची येणी छापून बँकेत दिली आणि १२ जूनला कोणी ३१ मेच्या तारखेने क्रेडिट नोट (पार्टीची बाकी कमी करणारी नोंद) टाकली, की डॅशबोर्डचा आकडा बदलतो, कागदावरचा तोच राहतो. म्हणून महिना बंद करताना पार्टीवार बाकी एका स्नॅपशॉट टेबलमध्ये तारखेसह कॉपी करा. छापील रिपोर्ट त्यातूनच काढा, डॅशबोर्ड चालू डेटावर राहू द्या. दोन्हीवर 'डेटा अमुक वेळेपर्यंतचा' हे ठळक टाकाच.

प्रश्नकर्ता
येणी किती दिवस थकली त्याचे ३०-६०-९० दिवसांचे गट पॉवर बीआयच्या कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये (सूत्राने भरणाऱ्या) TODAY() या आजची तारीख देणाऱ्या फंक्शनने काढले आहेत. सकाळी एक दिवस मागचे दिसतात.

उत्तर २
डेटाचं रिफ्रेश (नव्याने भरणं) पहाटे होत असणार. सर्व्हिसमध्ये TODAY() यूटीसीची (आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेची) तारीख देतं, त्यामुळे आपल्याकडे साडेपाच वाजेपर्यंत तिथे कालचाच दिवस असतो. सहानंतर रिफ्रेश लावा, किंवा गट एसक्यूएलमध्येच काढा. स्नॅपशॉटमध्ये मात्र आजची तारीख नकोच, तिथे महिनाअखेरची धरा.

उत्तर ३
सेल्समनना फक्त आपापला भाग दिसावा म्हणून रो-लेव्हल सिक्युरिटी लावाल, तेव्हा त्यांना वर्कस्पेसमध्ये (सर्व्हिसमधली रिपोर्टची सामायिक जागा) व्ह्यूअरच, म्हणजे फक्त बघणारे, ठेवा. मेंबर किंवा कॉन्ट्रिब्यूटर केलंत तर ते बंधन लागूच होत नाही, सगळ्यांची विक्री सगळ्यांना दिसते.