रहस्यकथा लिहिणाऱ्यांच्या बैठकीला बोलावलंय. कथा वाचू की नुसती ऐकू? (ठाणे)

तुर्भे_ऐरोली

नमस्कार. मी ऐरोलीत राहते आणि तुर्भ्याला एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात आवक-जावकचं रजिस्टर सांभाळते. या कामाला १४ वर्षं झाली. मिरची, चिंच, सुकामेवा, हंगामात सफरचंद असा माल असतो.

रहस्यकथा मी पाचवीपासून वाचते. बाबांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तिका होत्या, झुंजारच्या आणि काळापहाडच्या. बाबा गिरणीतून आले की जेवायच्या आधी दहा पानं तरी वाचायचेच. मी स्वतः लिहायला लागले ते लॉकडाउनमध्ये. दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. तिसरी परवा पूर्ण झाली, हाताने लिहिलेली २२ पानं. ती कोल्ड स्टोरेजमध्येच घडते.

एका संपादकांनी सांगितलं की ठाण्यात रहस्यकथा लिहिणाऱ्यांची बैठक भरते, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. त्यांनी नंबर दिला. मी फोन केला तर पलीकडून लगेच, "या, आणि येताना कथा घेऊन या."

तेव्हापासून झोप नीट लागलेली नाही. तीन वर्षांपूर्वी मी एका लेखक मेळाव्याला गेले होते. ओळख करून देताना "मी रहस्यकथा लिहिते" म्हटलं. व्यासपीठावरचे गृहस्थ म्हणाले, "छान, प्रवासात वाचायला बरं असतं." आणि माइक पुढच्या माणसाकडे गेला. माझ्या कथेचं नावही कोणी विचारलं नाही. घरी येताना गाडीत बाबांची आठवण येत होती. त्यांनी आयुष्यात वाचलं ते एवढंच, आणि ते मन लावून वाचलं.

दुसरी भीती वेगळी आहे. कविता दहा वेळा वाचली तरी कविताच राहते. रहस्यकथेचा जीव शेवटच्या दोन पानांत असतो. लिहिणाऱ्या सात-आठ जणांसमोर ती पानं उघडली आणि पुढच्या दिवाळीत तीच युक्ती दुसऱ्याच्या नावाने दिसली तर?

आणि एक विचारायचं होतं. माझ्या कथेचा कणा मृत्यूच्या वेळेवर आहे. अशा ठिकाणी डॉक्टर, वकील वगैरे जाणकार येतात का?

पाचपाखाडीकर

ताई, फोनवर "या" म्हणणारा बहुतेक मीच. वय ६८, वीज मंडळातून निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो.

आमची सुरुवात संमेलनातच झाली, पण मांडवात नाही. डिसेंबर २०१० मध्ये ८४ वं अखिल भारतीय संमेलन ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमवर भरलं होतं. मी ग्रंथप्रदर्शनात जुन्या पुस्तकांपाशी उभा होतो. अर्नाळकरांच्या एका पुस्तिकेला हात घातला, तर दुसऱ्या बाजूने आणखी एकाने तीच धरलेली. पुस्तिका त्यांनी घेतली आणि चहा मी पाजला. त्या चहाची ही बैठक झाली. आज आम्ही आठ जण आहोत. राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत एका सभासदाची क्लासची खोली आहे, रविवारी दुपारी ती रिकामी असते. बाकांवर बसतो. फी नाही, हारतुरे नाहीत, अध्यक्ष नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, शेवटच्या पानांचा. ती पानं आम्ही आधी ऐकतच नाही. लेखकाने उलगड्याच्या अलीकडे थांबायचं. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या: खुनी कोण, आणि कितव्या पानावर संशय पक्का झाला. चिठ्ठ्या गोळा झाल्या की मगच शेवट वाचायचा. ताई, या चिठ्ठ्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही. "कथा आवडली" या वाक्याचं लेखक काय करणार? पण सातपैकी पाच चिठ्ठ्यांवर एकच पान क्रमांक आला की आपली शिवण नेमकी कुठे उसवली ते दिसतं. आणि कोणालाच खुनी सापडला नाही, तर बहुतेक वेळा लेखकाने वाचकापासून काहीतरी लपवलेलं असतं. तीही चूकच.

ही कल्पना मला सुचली ती लंडनच्या डिटेक्शन क्लबबद्दल वाचून. १९३० मध्ये तिथल्या लेखकांनी तो सुरू केला, पहिले अध्यक्ष जी. के. चेस्टरटन. नवा सभासद कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायचा की महत्त्वाचा धागा वाचकापासून दडवणार नाही, गुप्तहेराला दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने गुन्हा सोडवू देणार नाही. या मंडळींनी १९३१ मध्ये एक कादंबरी एकेकाने एकेक प्रकरण लिहून पूर्ण केली. पुढच्या प्रकरणांच्या लेखकांना आपल्या मनातला उलगडा वेगळा लिहून द्यावा लागे, म्हणजे नुसता गुंता वाढवून पुढच्याच्या गळ्यात घालता येऊ नये. मी याला लेखकांमधला प्रामाणिकपणा म्हणतो.

परदेशातले मोठे मेळावे लोकांना माहीत असतात. अमेरिकेतलं बाऊचरकॉन १९७० मध्ये सांता मोनिकाला सुरू झालं आणि ते गावोगाव फिरतं. मी स्वतः पाहिलं ते एकच, इंग्लंडमधल्या हॅरोगेटचं. मुलगा लीड्सला असतो, जुलै २०१९ मध्ये त्याने नेलं. ओल्ड स्वान हॉटेलात भरतं. ॲगाथा ख्रिस्ती १९२६ च्या डिसेंबरात घरातून नाहीशा झाल्या आणि ११ दिवसांनी सापडल्या ते हेच हॉटेल. व्यासपीठावरची भाषणं मला अर्धीच कळली. लक्षात राहिली ती हिरवळ. एक बाई पुस्तक उघडून लेखकाला पानावर बोट ठेवून काहीतरी विचारत होती, आणि तो खिशातली वही काढून ते लिहून घेत होता. तसं ठाण्यात व्हावं एवढंच मला वाटत आलंय.

नक्की या. कथा घेऊनच या.

कलम१०३

मी या बैठकीत नाही, पण वकील आहे, नौपाड्यात. चोरीच्या भीतीबद्दल खरं तेच सांगतो. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलंय. म्हणजे "बर्फात प्रेत" ही युक्ती कोणाच्या मालकीची नाही, पण तुमची पात्रं, प्रसंगांची गुंफण, वाक्यं तुमची आहेत. बैठकीला जाण्याआधी पूर्ण कथा स्वतःलाच ईमेल करून ठेवा, तारखेचा पुरावा राहतो.

आणि कथा जुलै २०२४ नंतरची असेल तर इन्स्पेक्टरच्या तोंडी "तीनशेदोन" घालू नका. १ जुलै २०२४ पासून झालेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. जुना हवालदार सवयीने तीनशेदोन म्हणाला तर चालेल, उलट खरं वाटेल. एफआयआरवर मात्र नको.

वाशी_१७

माझा अनुभव कडू आहे म्हणून लिहिते. नवी मुंबईत आम्ही पाच जणींनी असाच गट केला होता, दीड वर्षात मोडला. कारण एकच: एकमेकींना दुखवायला नको म्हणून सगळ्याच कथा "अप्रतिम" ठरायला लागल्या. मी एका कथेतला ढळढळीत दोष सांगितला नाही. ती तशीच गेली आणि परत आली. ती मैत्रीण मला म्हणाली, "तुला दिसलं होतं ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांची चिठ्ठीची पद्धत वाचून वाटलं, आम्हाला हीच हवी होती.

शवागार_निवृत्त

सरकारी रुग्णालयात पोस्टमॉर्टमचं काम २३ वर्षं केलं. ताई, कथेत "डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, मृत्यू रात्री ११ वाजता" असं असेल तर काढून टाका. आम्ही वेळ कधीच एवढी नेमकी देत नाही, कायम अंतर देतो.

शरीर थंड होण्यावरून वेळ काढायची पद्धत आपल्याकडे मे महिन्यात फारशी उपयोगी पडत नाही, कारण बाहेरचं तापमान अंगाच्या तापमानाच्या जवळ असतं. ताठरपणा उन्हाळ्यात लवकर येतो, लवकर जातो. थंडीत दोन्ही लांबतं. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेलं प्रेत म्हणूनच ताजं वाटू शकतं, इथपर्यंत तुमची कल्पना बरोबर असावी.

पण एक गोष्ट विसरू नका. रक्त शरीराच्या खालच्या भागात साचून डाग पडतात आणि काही तासांनी ते पक्के होतात. नंतर प्रेत हलवून पालथं टाकलं तर डाग पाठीवरच राहतात. तुमच्या खुन्याने प्रेत हलवलं असेल तर हे डाग त्याला पकडून देतील. डाग आधी दाखवा, अर्थ नंतर सांगा.

तुर्भे_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा जाऊन आले.

ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून चालतच गेले. सात जण होते. ओळखीत मी कामाचं सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास त्यांनी मला कथा वाचूच दिली नाही. गेटपास कोण फाडतं? रात्री चावी कोणाकडे? चेंबरचं दार आतून उघडतं का? रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर कोणाला कळेल? १४ वर्षांत माझ्या रजिस्टरबद्दल एवढं कोणीच विचारलं नव्हतं. मी उत्तरं देत होते आणि मला माझ्याच कथेतली दोन भोकं दिसत होती.

मग १९ पानं वाचली आणि थांबले. चिठ्ठ्या घेतल्या.

माझ्या कथेत प्रेत मुंब्रा बायपासला सापडतं आणि पंचनाम्याच्या वेळी हवालदाराला शिंक येते. खरा धागा तोच आहे, कारण प्रेत मिरचीच्या चेंबरमध्ये ठेवलेलं असतं आणि ती धूळ कपड्यांत राहते. आमच्याकडे मिरचीचा ट्रक उतरला की सगळं ऑफिस शिंकतं, त्यातून सुचलं होतं. मला वाटत होतं, कोणाचं लक्षही जाणार नाही. सातपैकी चार चिठ्ठ्यांवर एकच: "पान ६, शिंक."

क्षणभर डोळ्यांत पाणी आलं. पण काकांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या प्रसंगात शिंकणारा माणूस एकच का?" एक बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच शिंकू दे. पावसाळा घ्या, फौजदाराला सर्दी, पंचाला खोकला, रिक्षावाल्याच्या नाकाला रुमाल. वाचक तो प्रसंग वाचेल आणि त्यातली एक शिंक सोडून देईल. धागा दडवायचा नाही, त्याच्यासारख्याच चार गोष्टींत उघडा ठेवायचा. घरी येईपर्यंत मी हे वाक्य मनात घोळवत होते.

शेवटची तीन पानं वाचली तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. निघताना एकांनी विचारलं, "कथेचं नाव काय ठेवलंय?"

काल रात्री सहावं पान नव्याने लिहिलं. रक्ताचे डागही घातले, पान ८ वर, अर्थ न सांगता. कथा मेमधून काढून ऑगस्टमध्ये नेली आहे. डॉक्टरसाहेब, आता एवढंच सांगा: मुसळधार पावसात प्रेत चार तास उघड्यावर भिजत पडलं, तर तुमचं मेमधलं गणित किती बदलतं? आणि कपड्यांतली मिरची धुऊन जाईल का?