मदत हवी आहे: टोलच्या लेनमध्ये टॅग वाचला गेला नाही तर गाडी मागे घ्यायची का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,
प्रश्न टोलचा असला तरी पैशांपेक्षा गाडी चालवण्याचा जास्त आहे, म्हणून या विभागात टाकते आहे.

मावसबहिणीच्या लग्नाला जाताना राष्ट्रीय महामार्गावरच्या एका नाक्यावर (नाव मुद्दाम लिहीत नाही) वर हिरवा बाण असलेल्या लेनमध्ये शिरले. पुढचा टेम्पो गेला, दांडा खाली आला आणि मग वर जाईचना. फास्टॅग माझ्याच गाडीच्या नंबरवर आहे, काचेवर आतून आरशामागे नीट चिकटवलेला आहे, खात्यात पैसे होते. ॲप उघडून बूथमधल्या मुलाला दाखवलंही. तो म्हणाला, "मॅडम, रीड होत नाहीये. मागं घ्या आन् शेजारच्या लेनला लावा."

मागे एक अल्टो, तिच्यामागे मालट्रक, त्याच्यामागे एसटी. दोन्ही अंगांना काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे काँक्रीटचे कट्टे आणि तेवढ्या फटीत उभा राहून एक चिक्कीवाला काचेवर टकटक करतोय. मुलगा बाहेर येऊन मागच्यांना हात करायला लागला. अल्टोवाल्याने जेमतेम हातभर गाडी मागे घेतली, ट्रक हललाच नाही. माझ्या मागच्या सीटवर सासूबाई आणि लेक. मी गाडी मागे घ्यायला साफ नकार दिला. बरीच हुज्जत झाली, हॉर्न आणि शिव्या दोन्ही ऐकल्या, शेवटी दुप्पट टोल रोख भरला तेव्हा दांडा वर गेला. रात्री मेसेज आला, टॅगमधूनही टोल कापला गेलाय!

मला कळून घ्यायचंय ते असं. बूथवाला "मागे घ्या" म्हणाला तर ते मानायलाच हवं का, आणि मागे घेताना कोणाला ठोकर लागली तर दोष कोणाचा? टॅग धडधाकट असताना दुप्पट पैसे मागता येतात का? आणि मुळात लेन निवडायची कशी? नवरा म्हणतो नेहमी उजवीकडची घे, दीर म्हणतात डावीकडची. रांग शंभर मीटरच्या पिवळ्या पट्टीबाहेर गेली की टोल माफ, हेही एकाने सांगितलं. खरं आहे का?

घाटवाट

मागे घेतली नाहीत हे फार बरं केलंत. टोलच्या लेनमध्ये मागच्याला तुम्ही रिव्हर्स घेणार याची कल्पनाच नसते. त्याचं लक्ष दांड्यावर आणि मोबाईलवर. तुमचा पांढरा दिवा पेटला तरी तो पुढे सरकायच्याच तयारीत असतो.

अशा वेळी मी काय करतो ते सांगतो. पहिल्यांदा हँडब्रेक लावून गाडी न्यूट्रलला घ्यायची आणि पार्किंग लाइट लुकलुकते ठेवायचे. मग बूथवाल्याला हातातलं मशीन आणायला सांगायचं. वरच्या रीडरने टॅग पकडला नाही तरी हातातल्या मशीनने काचेजवळून बहुतेक वेळा पकडतो. हे मशीन नाक्यावर असतं, पण मागितल्याशिवाय क्वचितच बाहेर येतं. तेही जमलं नाही तर "सुपरवायझरला बोलवा" एवढं एकच वाक्य शांतपणे म्हणत राहायचं. गाडीतून उतरायचं नाही. शेजारच्या लेनमधून सुटलेली गाडी कट्ट्याला घासून जाते, तिथे माणसाला उभं राहायला जागा नसते.

चिक्कीवाल्याबद्दलही तेच. काच उतरवून सुटे पैसे शोधत बसलं की पुढची गाडी कधी हलली ते कळत नाही, मागून हॉर्न येतो आणि माणूस दचकून क्लच सोडतो.

चहाटळ

एवढी हुज्जत कशाला? टॅग चालू आहे ना, मग दांडा हळूच बंपरने ढकलायचा आणि निघायचं. फायबरचाच तर असतो.

कोर्टाची_पायरी

चहाटळराव, हा सल्ला गमतीत दिला असेल अशी आशा. दांडा मोडला की नुकसानीचा गुन्हा लागू शकतो, कॅमेऱ्यात नंबर असतोच, आणि मग टॅग खरा होता की खोटा हे कोणी विचारत नाही.

कृष्णाकाठताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. वाहन मागे नेताना कोणाला धोका किंवा अकारण अडथळा होणार नाही याची खात्री करून घेण्याची जबाबदारी चालकाची असते. बूथवरच्या मुलाने हात दाखवला म्हणून ती त्याच्यावर जात नाही. तो काही वाहतूक पोलीस नाही. ठोकर झाली तर पंचनाम्यात "रिव्हर्स घेणारी गाडी" तुमचीच असते आणि विमा कंपनीचं पहिलं बोटही तुमच्याकडेच. त्यात लेनमधून मागे येऊन तिरकं शेजारच्या रांगेत घुसायचं म्हणजे वाहतुकीच्या उलट दिशेला गाडी नेणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे स्पष्टपणे आलेलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात हातभर मागे घेतलं म्हणून कोणी हे कलम लावणार नाही, पण अपघात झाला तर लावायला जागा राहते.

मागची सगळी रांग आधी मोकळी करून, कर्मचारी मागे उभा राहून, इंचाइंचाने मागे घेतात ते वेगळं. तुमच्यामागे ट्रक आणि एसटी असताना तो विषयच नव्हता.

दुप्पट पैशांचं: १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या लेन फास्टॅगच्या झाल्या. टॅग नसेल किंवा चालू नसेल तर दुप्पट, हा नियम तेव्हाचा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात फरक पडला: रोख दिलेत तर दुप्पट, यूपीआयने दिलेत तर सव्वापट. पण हे टॅग नसलेल्यांसाठी किंवा बाद टॅगवाल्यांसाठी आहे. टॅग वैध, खात्यात पैसे, आणि नाक्याचं यंत्र चालत नाही, अशा वेळी गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची, असं ७ मे २०१८ च्या अधिसूचनेत आहे. अडचण एवढीच की दोष यंत्राचा की टॅगचा, हे तिथल्या तिथे ठरवणार कोण?

जुना_ट्रान्सपोर्टवाला

ट्रकवाल्याच्या बाजूनं चार शब्द. लोक म्हणतात ट्रक हलला नाही, मुजोर असतात. अहो, चपट्या तोंडाच्या गाडीत बसून बघा एकदा. बंपरला चिकटून उभ्या असलेल्या बारक्या कारचा मला टपही धड दिसत नाही. आणि माझ्यामागे काय आहे ते तर अजिबातच नाही. भरलेली गाडी मागे घ्यायची म्हणजे क्लीनर खाली उतरला पाहिजे. आता क्लीनरच मिळत नाहीत, बरेच ड्रायव्हर एकटे असतात. मग तो हलत नाही, तेच बरोबर करतो.

दुसरं म्हणजे नाक्याजवळ जरा चढ असेल तर लोडेड गाडी सुटताना थोडी मागे येते. तिच्या शेपटाला कार लावून उभं राहू नका. पुढच्या गाडीचे मागचे टायर जमिनीला टेकलेले दिसले पाहिजेत, एवढं अंतर ठेवा. सगळे म्हणतात जागा सोडली की दुसरा घुसतो. घुसू दे. लेन बिघडली तरी त्या जागेमुळे निदान पुढेमागे हलायला वाव राहतो.

लेनचं विचाराल तर उजवी-डावी असा नियम नाही. अगदी डावीकडची रुंद लेन बहुधा मोठ्या मापाच्या मालासाठी असते, तिथं अडकलात तर अर्धा तास गेला. मी रांगेची लांबी बघत नाही, रांगेत काय उभंय ते बघतो. सहा कार तीन ट्रकच्या आधी सुटतात.

घाटवाट

काकांच्या मुद्द्याला जोडून. लेन ठरवायची ती नाक्याच्या बरीच आधी, रस्ता रुंद व्हायला लागतो तिथेच. वर लाल फुली की हिरवा बाण ते लांबून दिसतं. एकदा रांगेत लागलं की मग ती रांग गोगलगायीची असली तरी सोडायची नाही. नाक्यावर मी पाहिलेल्या बहुतेक घासाघाशी शेवटच्या पन्नास मीटरमध्ये शेजारची रांग हलतेय म्हणून तिरकं घुसणाऱ्यांच्या आहेत.

आणि दांडा वर आहे म्हणून पुढच्याच्या मागोमाग निघायचं नाही. पुढच्याच्या वेळी उघडलेला दांडा तुमच्या बोनेटवर येऊ शकतो, आणि रीडरचाही गोंधळ होतो. दिवा लाल होऊन, दांडा पडून, परत हिरवा होऊ दे. कृष्णाकाठ, तुमच्या बाबतीत टॅगमधून पैसे गेलेत, म्हणजे रीडरने टॅग वाचला होता. दांड्यापर्यंत निरोप पोचला नसावा. हा तुमच्या तक्रारीतला सगळ्यात जोरदार पुरावा आहे.

नाका सुटल्यावरचा टप्पा लोक विसरतात. दहा-बारा लेन पुन्हा दोन-तीनमध्ये येतात, आणि थांबून कंटाळलेले सगळे एकदम ॲक्सिलरेटर दाबतात. त्यातच कोणीतरी पाकीट ठेवायला किंवा पट्टा लावायला डावीकडे थांबलेला असतो. पट्टा नाक्यावर काढूच नका, टॅग असताना काढायचं कारणही नाही.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत ई-झेडपास (आपल्या फास्टॅगसारखाच टॅग) वाचला गेला नाही तर थांबायचं नाही आणि मागे तर मुळीच घ्यायचं नाही, सरळ पुढे जायचं, हे पहिल्यापासून डोक्यात बसवतात. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, हिशोब नंतर खात्यातून किंवा टपालाने. भारतात दांडा असल्यामुळे हे जमत नाही हे मान्य, पण "भांडण नंतर" एवढा भाग घेता येईल.

आडवाटेचा_वाटसरू

शंभर मीटरचं कोणी सांगितलं त्यांना सांगा, ते जुनं झालं. मे २०२१ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने तशा सूचना काढल्या होत्या: प्रत्येक गाडीला १० सेकंदांच्या वर लागू नयेत, पिवळ्या पट्टीपलीकडे रांग गेली तर ती आत येईपर्यंत टोल न घेता सोडा. पुढे माफीची ती सवलत काढून टाकली. व्हॉट्सॲपवर मात्र अजून फिरते आणि त्यावरून नाक्यावर हातघाई होते.

पैसे परत मिळवायचे तर रोखीची पावती आणि टॅगचा मेसेज, दोन्हींवरची वेळ शेजारी शेजारी ठेवा. टॅग ज्या बँकेचा त्या बँकेकडे आधी तक्रार, नंबर घ्या. राष्ट्रीय महामार्ग असल्यामुळे १०३३ या हेल्पलाइनवरही नोंदवा. उशीर करू नका, जुन्या व्यवहारांवर दाद लागत नाही.

टॅग एकदा बँकेकडून तपासूनही घ्या. काही गाड्यांच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, त्यातून रेडिओ लहरी नीट जात नाहीत. आणि टॅग काढून दुसरीकडे लावायचा प्रयत्न करू नका, सोलताना आतली अँटेना तुटते. हातात धरून दाखवायचा टॅग तर आता काळ्या यादीतच जातो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रान्सपोर्टवाले काका, ट्रकवाल्याला मी मनातल्या मनात बरंच बोलले होते, ते परत घेते.

बँकेकडे तक्रार घातली, नंबर मिळाला, १०३३ वरही नोंदवली. रोखीची पावती सापडली, तिच्यावर गाडीचा नंबर आणि वेळ स्पष्ट आहे. टॅगच्या मेसेजमधली वेळ त्याच्या आधीची आहे! म्हणजे मी हुज्जत घालत होते तेव्हा पैसे कापून झाले होते.

आता एक पुरवणी प्रश्न. सांगलीहून पुण्याला आमच्या बऱ्याच फेऱ्या होतात आणि पुढे कधी मुंबईला. वार्षिक पास घेतला तर सगळीकडे चालेल का?

आडवाटेचा_वाटसरू

सगळीकडे नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांना सुरू झालेला तो पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल तोपर्यंत, आणि फक्त खासगी कार-जीपसाठी. एक नाका ओलांडला की एक फेरी, त्यामुळे पेठनाक्यावरून निघालात की तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर अशा तीन गेल्या, येताना आणखी तीन. हा राष्ट्रीय महामार्ग, इथे चालतो. पुण्याच्या पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथे चालत नाही. खालापूर आणि उर्से नाक्यांवर टॅगमधले पैसेच कापले जातात, तेव्हा पास आहे म्हणून खातं रिकामं ठेवू नका. महामंडळाच्या नाक्यांवरही १ एप्रिल २०२५ पासून टॅग नसेल तर दुप्पट आहे. पास राजमार्गयात्रा ॲपवरून मिळतो, घेण्याआधी चालू वर्षाचा दर तिथेच बघा.

जुना_ट्रान्सपोर्टवाला

आणि ताई, उर्स्यावरून सुट्टीच्या संध्याकाळी मुंबईकडे जाणार असाल तर नाका यायच्या आधीच डिझेल-पाणी, चहा सगळं उरकून घ्या. रांगेत पोरं उतरवायची नाहीत, कितीही रडली तरी.