मदत हवी आहे: 1968 चे शटआउट मोजताना बॉब गिब्सनचे 13 ऐवजी 14 येतात

अमेरिकन मेजर लीग बेसबॉलच्या 1968 हंगामातल्या शटआउट-आघाडीवीरांचा तक्ता एक्सेलमध्ये बनवतोय (शटआउट म्हणजे एकाच पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, पूर्ण सामना टाकून एकही धाव न देणं). सामनानिहाय नोंदींवर 'इनिंग 9 किंवा जास्त, धावा 0' अशी चाळणी लावली (इनिंग म्हणजे डाव, सामना साधारण 9 इनिंगचा). सेंट लुईसच्या गिब्सनचे 14 येतात, सगळीकडे मात्र 13 छापलेत. धावांऐवजी अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणाच्या चुकीशिवाय आलेल्या, पिचरच्या खात्यावरच्या धावा) 0 धरले तर आकडा आणखी फुगतो. कुठे चुकतंय?

प्रतिसाद 1
तारखांचा रकाना बघा. 2 ऑक्टोबरचा सामना त्यात आला असणार. वर्ल्ड सिरीजचा (हंगामानंतरच्या अंतिम मालिकेचा) पहिला सामना, डेट्रॉइटवर 4-0, गिब्सनचे 17 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). शटआउट खराच, पण वर्ल्ड सिरीजचे आकडे हंगामात धरत नाहीत. तो काढा, 13 उरतील.

अर्न्ड रनचा रकाना इथे कामाचा नाही. क्षेत्ररक्षणाच्या चुकीने आलेली एक धावसुद्धा शटआउट मोडते. गिब्सनने त्या वर्षी 49 धावा दिल्या, त्यातल्या अर्न्ड फक्त 38. उरलेल्या 11 मुळेच तुमची दुसरी चाळणी फसते.

प्रतिसाद 2
ऑक्टोबर काढल्यावर गिब्सन जुळेल, पण '9 इनिंग' ही अटच काढून टाका. पावसाने 5 किंवा 6 इनिंगमध्ये संपलेला अधिकृत सामना एकट्याने टाकला, तर तोही शटआउट असतो; तुमच्या चाळणीत तो गळेल. उलट 9 इनिंग 0-0 टाकून दहाव्यात बदललेला पिचर आत शिरेल, त्याला शटआउट मिळत नाही. अटी तीनच ठेवा: नियमित हंगाम, पूर्ण सामना, धावा 0. जिंकण्याची अट नको.

अपवाद एकच. पहिल्या इनिंगमध्ये कोणी बाद नसताना, धाव होण्याआधी आलेला पिचर शेवटपर्यंत शून्यावर टाकतो तेव्हा शटआउट त्याचा. 1917 मध्ये बोस्टनच्या बेब रूथला पंचांनी पहिल्याच फलंदाजानंतर बाहेर काढलं, तेव्हा अर्नी शोर असाच आला होता.

मूळ प्रश्नकर्ता
13 जुळले, मनापासून आभार! गिब्सनच्याच नॅशनल लीगमध्ये ड्रायस्डेल 8, कूसमन 7; मेजर लीगच्या दुसऱ्या गटात, अमेरिकन लीगमध्ये टियांट 9. 31 सामने जिंकणाऱ्या मॅकलेनचे 6 च, बरोबर ना? आणि इनिंगची बेरीज विचित्र येते.

प्रतिसाद 2
मॅकलेन 6, बरोबर. एका इनिंगमध्ये 3 बाद, म्हणून .1 म्हणजे एक तृतीयांश आणि .2 म्हणजे दोन तृतीयांश, दशांश नव्हे. गिब्सनचे 304.2 म्हणजे 914 बाद. प्रत्येक सामन्याचे बाद वेगळ्या रकान्यात लिहा, बेरीज करा, शेवटी 3 ने भागा.

ड्रायस्डेलसमोर शेरा जरूर टाका: 8 पैकी 6 शटआउट सलग. त्या 54 इनिंग, पुढे 8 जूनला फिलाडेल्फियाविरुद्ध आणखी 4, म्हणून सलग शून्य धावांच्या इनिंगचा तेव्हाचा विक्रम 58 चा (तो 1988 मध्ये मोडला). पाचव्या इनिंगचा अपुरा भाग धरणारे 58.2 लिहितात, तक्त्यात दोन्ही मिसळू नका.

1969 ची यादी शेजारी लावणार असाल तर माउंडची (पिचर जिथून टाकतो त्या उंचवट्याची) उंची लिहा. 15 इंचांवरून 10 वर आणली आणि स्ट्राइक झोनही (चेंडू स्ट्राइक धरला जातो तो फलंदाजासमोरचा पट्टा) आखडला, त्यामुळे ते आकडे सरळ तुलनेचे नाहीत.