सुदान: डीटीएम, आयडीएमसी आणि यूएनएचसीआरच्या आकड्यांचा मेळ कसा घालायचा?

आकडेमोड

सुदानमधल्या विस्थापनाचा दरमहा अद्ययावत होणारा तक्ता आणि लोकॅलिटी (राज्याखालचा प्रशासकीय भाग) पातळीचा नकाशा करायचा आहे, तोही फक्त खुल्या डेटावर. सध्या तीन स्रोत धरले आहेत: एचडीएक्स या मदतक्षेत्राच्या खुल्या डेटा-संकेतस्थळावरच्या डीटीएम शीट्स (आयओएम या संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संस्थेची विस्थापितांची मोजणी), आयडीएमसी या अंतर्गत विस्थापनावर नजर ठेवणाऱ्या केंद्राचा डेटा आणि यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं एपीआय, म्हणजे प्रोग्रामने डेटा मागवायची सोय.

घोडं चार ठिकाणी अडलंय. एक, तिन्हींचे आकडे जुळत नाहीत आणि खरा कोणता ते कळत नाही. दोन, डीटीएमची शीट पांडाजमध्ये (पायथनची डेटा लायब्ररी) वाचली की संख्यांचा कॉलम मजकूर होऊन बसतो. तीन, नावांवरून सीमांच्या फाइलशी जोडणी केली की बऱ्याच लोकॅलिटी नकाशावर कोऱ्या राहतात. चार, डीटीएमच्या दोन अहवालांच्या मधल्या काळात उपग्रहाच्या डेटावरून काही अंदाज बांधता येतो का?

तिसरी_रांग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढंच.

डीटीएम मोजतं ते एका ठरावीक दिवशी कुठल्या ठिकाणी किती विस्थापित राहत आहेत ते. हा साठा. आयडीएमसी दोन आकडे देतं आणि गफलत तिथेच होते. एक साठा, वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा. दुसरा प्रवाह, म्हणजे वर्षभरात किती वेळा लोकांना घर किंवा आसरा सोडावा लागला. एकच माणूस वर्षात तीनदा हलला तर प्रवाहात तो तीन वेळा येतो, साठ्यात एकदाच.

सुदानचंच घ्या. १५ एप्रिल २०२३ ला युद्ध पेटण्याआधी देशात सुमारे ३८ लाख विस्थापित होतेच, मुख्यतः दारफुरच्या जुन्या संघर्षामुळे. २०२३ साठी आयडीएमसीने संघर्षामुळे झालेली सुमारे ६० लाख विस्थापनं नोंदवली आणि वर्षअखेरचा साठा दिला ९१ लाख. ३८ आणि ६० ची बेरीज ९८ होते, ९१ नाही. याचं कारण उघड आहे. जुन्या छावण्यांमधले लोक पुन्हा हलले, काही सीमा ओलांडून गेले, काही परतले. साठ्यात प्रवाह मिळवून पुढचा साठा काढायचा प्रकार इथे चालत नाही. २०२४ अखेरचा साठा १ कोटी १६ लाख होता.

यूएनएचसीआरचा मुख्य आकडा देशाबाहेर गेलेल्यांचा. तिथेही एक खड्डा आहे. युद्धाआधी सुदान स्वतः १० लाखांहून अधिक निर्वासितांना आसरा देत होता आणि त्यात दक्षिण सुदानचे लोक सर्वाधिक होते. त्यामुळे युद्धानंतर सुदानमधून दक्षिण सुदानमध्ये शिरलेल्यांत मोठा वाटा स्वदेशी परतणाऱ्यांचा आहे. सीमेवरची आवक म्हणजे सुदानी निर्वासित असं धरलंत तर आकडा फुगलाच म्हणून समजा.

एपीआयबद्दल दोन गोष्टी. यूएनएचसीआरचे जुने तीन अक्षरी देशसंकेत आयएसओच्या आंतरराष्ट्रीय मानक संकेतांपेक्षा वेगळे आहेत. सुदान तिथे एसयूडी, आयएसओत एसडीएन. चाड तिथे सीएचडी, आयएसओत टीसीडी. जोडणी नेहमी आयएसओच्या कॉलमवर करा. दुसरं, मूळ देश आणि आश्रयाचा देश या दोन्हींसाठी 'ऑल' हा पर्याय चालू केला नाही तर देशांची फोड न मिळता एकत्रित बेरीज हाती येते, आणि ती इतकी व्यवस्थित दिसते की चूक लक्षातही येत नाही. उत्तर पानापानांत येतं, म्हणून शेवटच्या पानापर्यंत लूप चालवा. छोटे आकडे ओळख लपवण्यासाठी ५ च्या पटीत गोल केलेले असतात, तेव्हा फोडींची बेरीज एकूण आकड्याशी तंतोतंत जुळेल ही अपेक्षा सोडा.

तक्त्यात प्रत्येक ओळीला पाच कॉलम सक्तीचे ठेवा: स्रोत, साठा की प्रवाह, आकडा कोणत्या तारखेचा, प्रकाशित कधी झाला, तुम्ही उतरवला कधी. आयडीएमसी आणि यूएनएचसीआर जुन्या वर्षांचे आकडेही मागाहून सुधारतात. उतरवल्याची तारीख नसेल तर गेल्या महिन्याचा आलेख आज वेगळा का दिसतोय याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही.

नकाशावेडा

दुसरा प्रश्न दोन मिनिटांचा आहे. एचडीएक्सवरच्या बऱ्याच शीट्समध्ये कॉलमच्या नावांखालची ओळ एचएक्सएल हॅशटॅगची, म्हणजे कॉलमात काय आहे ते सांगणाऱ्या ठरावीक खुणांची असते. संख्यांच्या कॉलमात ती एक ओळ मजकूर घुसवते आणि पांडाज अख्खा कॉलम मजकूर धरतं. वाचताना 'स्किपरोज'ला चौकटी कंसात १ द्या. नुसता १ दिलात तर उलटंच होतं: नावांची ओळ उडते आणि हॅशटॅग हीच कॉलमची नावं होतात. अर्थात ते मुद्दाम करण्यातही फायदा आहे. डीटीएमच्या मोजणीच्या फेऱ्यांगणिक कॉलमची नावं बदलतात, हॅशटॅग सहसा तेच राहतात. मग स्क्रिप्ट हॅशटॅगवरच लिहा.

तिसरा प्रश्न मात्र वेळखाऊ. नावांवर जोडणी करूच नका. अरबी नावांचं रोमन लेखन ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे होतं: अल फाशर आणि एल फाशर, अग जनीना आणि एल जनीना, अज जझीरा आणि गेझिरा. यावर अंदाजे जुळणी, म्हणजे फझी मॅचिंग लावायचा मोह होतो. तो टाळा. शमाल जबल मर्रा, गर्ब जबल मर्रा आणि वसत जबल मर्रा या तीन वेगळ्या लोकॅलिटी आहेत, म्हणजे उत्तर, पश्चिम आणि मध्य. अक्षरांच्या साम्याला त्या जवळजवळ एकच वाटतात. तीन लोकॅलिटींचे लोक एकीत जमा होतात आणि नकाशा छान भरलेला दिसतो.

पी-कोड, म्हणजे प्रत्येक प्रशासकीय भागाला दिलेला ठरावीक संकेत, वापरा. सुदानमध्ये राज्याला एसडी आणि दोन अंक, उदाहरणार्थ खार्तूम एसडी०१. लोकॅलिटीला राज्याच्याच कोडपुढे आणखी तीन अंक. सीमांची फाइल ओसीएचए या संयुक्त राष्ट्रांच्या मदत-समन्वय कचेरीच्या सामायिक संचातली, म्हणजे सीओडी-एबीच घ्या. जीएडीएम या दुसऱ्या जागतिक संचाच्या सीमांमध्ये हे पी-कोड नसतात, शिवाय तिचा परवाना पुनर्वितरणाला आडवा येतो. राज्यं १८ आहेत, पण फाइलमध्ये अब्येई (सुदान आणि दक्षिण सुदान या दोघांचाही दावा असलेला प्रदेश) स्वतंत्र एकक म्हणून येतं. १८ धरून लिहिलेली तपासणी तिथे कोसळते.

जोडणीनंतर तीन गोष्टी न चुकता तपासायच्या. जोडणीआधीची आणि नंतरची विस्थापितांची बेरीज तीच आहे ना, एका पी-कोडला दोन ओळी आल्या आहेत का, आणि डीटीएममध्ये नसलेल्या लोकॅलिटी कोणत्या. शेवटच्या प्रकाराला शून्य भरू नका. 'माहिती नाही' वेगळ्या रंगात दाखवा. युद्धाच्या प्रदेशात जिथून माहिती येत नाही तिथेच परिस्थिती सगळ्यात वाईट असू शकते, आणि शून्य भरलं की नेमकी तीच जागा नकाशावर सुरक्षित दिसते.

आकडेमोड

पी-कोडने बहुतेक कोऱ्या जागा भरल्या. आता डीटीएमच्या दोन फेऱ्यांमधला फरक थेट 'वाढ' किंवा 'घट' म्हणून दाखवला तर चालेल का?

तिसरी_रांग

थेट नाही. डीटीएमचा आकडा घराघरांत जाऊन केलेल्या गणनेचा नसतो. गावप्रमुख, स्थानिक समित्या, मदत कार्यकर्ते अशा माहीतगारांकडून ठिकाणागणिक अंदाज घेतात आणि एकमेकांशी पडताळून पाहतात. एखाद्या फेरीत पोचच वाढली तर नवे लोक विस्थापित न होताही आकडा वाढतो.

समजा पहिल्या फेरीत २०० ठिकाणं आणि १,००,००० माणसं. दुसऱ्या फेरीत २६० ठिकाणं आणि १,१८,०००. बातमी होईल '१८ टक्के वाढ'. पण दोन्ही फेऱ्यांत असलेल्या २०० ठिकाणांपुरतं पाहिलं आणि तिथे ९६,००० निघाले, तर प्रत्यक्षात ४ टक्के घट आहे. उरलेल्या ६० ठिकाणी २२,००० माणसं आहेत खरी, पण ती नवी आली की आधीपासून होती आणि आत्ता मोजली गेली, हे निव्वळ या दोन आकड्यांवरून ठरत नाही. जिथे ठिकाणांची यादी मिळते तिथे हा सामायिक ठिकाणांचा आकडा शेजारी द्या. मिळत नसेल तर निदान फेरीत किती ठिकाणं होती ते आलेखाखाली छापा.

२०२५ च्या मार्चमध्ये खार्तूम लष्कराच्या ताब्यात परत आल्यावर परतणाऱ्यांचा आकडा महत्त्वाचा झाला. तोही साठ्यातून डोळे झाकून वजा करू नका. परतणाऱ्यांत परदेशातून आलेलेही असतात. ते अंतर्गत विस्थापितांच्या साठ्यात कधी नव्हतेच.

धूर_आणि_ढग

चौथ्या प्रश्नाकडे. उपग्रह माणसं मोजत नाही. जाळपोळ, पडझड, नव्या छावणीचा विस्तार एवढं दिसतं. ते चालणार असेल तर पुढे वाचा.

सर्वात स्वस्त सुरुवात नासाच्या फर्म्स या आगी दाखवणाऱ्या सेवेपासून. व्हीआयआयआरएस सेन्सरचे आगीचे बिंदू ३७५ मीटरच्या पिक्सेलवर, साधारण ३ तासांत मिळतात. वस्तीभोवती २ किमीचं वर्तुळ काढा, आठवड्यागणिक बिंदू मोजा आणि २०१८ ते २०२२ मधल्या त्याच आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. सरासरीशिवाय काही अर्थ नाही, कारण कोरड्या हंगामात शेतं आणि गवत जाळलं जातंच.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. व्हीआयआयआरएस आता तीन उपग्रहांवर आहे: सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१. तिन्हींचे बिंदू एकत्र करून २०१८ च्या एका-दोन उपग्रहांशी तुलना केली, तर आगी वाढल्या नसतानाही संख्या वाढते. पूर्ण मालिकेसाठी फक्त सुओमी एनपीपी धरा, बाकीचे दोन पडताळणीला. तसंच ताजा डेटा आणि काही महिन्यांनी येणारा प्रमाणित डेटा एकाच कालावधीसाठी मिसळू नका, तीच आग दोनदा मोजली जाते.

संशयित आठवडा सापडला की सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहाची आधीची आणि नंतरची प्रतिमा काढा. बँड (प्रकाशपट्टे) ८ आणि १२ यांच्या फरकाला त्यांच्याच बेरजेने भागलं की एनबीआर, म्हणजे जळाल्याचा निर्देशांक, मिळतो. आधीच्यातून नंतरचा वजा केला की जळालेला भाग उठून दिसतो. बँड १२ हा २० मीटरचा आहे, त्यामुळे एकेक झोपडी दिसणार नाही, मोहल्ला दिसेल. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात ढग आड येतात आणि दाट ढगांखालची आग फर्म्सलाही दिसत नाही. त्या काळात 'आग नाही' असं लिहू नका, 'निरीक्षण नाही' लिहा. सेंटिनल-१ चं रडार ढगांतून पाहतं, पण मातीच्या आणि गवताच्या घरांची पडझड त्यात ओळखणं महाकठीण. त्यावर भिस्त ठेवू नका.

रात्रीच्या प्रकाशाच्या डेटाबद्दल माझं मत वाईट आहे. वीजकेंद्र बंद पडलं की शहर अंधारतं, पण माणसं तिथेच असतात. आधाराला एक खूण म्हणून ठीक, निष्कर्षाला नाही.

नकाशावेडा

हिंसाचाराच्या घटनांचा थर जोडणार असाल तर यूसीडीपी या उप्साला विद्यापीठाच्या प्रकल्पाचा संघर्षाच्या घटनांचा जीईडी संच घ्या, तो मोकळेपणाने वापरता येतो. एसीएलईडी या अशाच घटना नोंदवणाऱ्या दुसऱ्या संचाला खातं लागतं आणि कच्चा डेटा पुढे वाटण्यावर अटी आहेत. जीईडीमध्ये जागेच्या अचूकतेचा १ ते ७ असा कॉलम असतो. ४ म्हणजे फक्त राज्य माहीत आहे. अशा घटना राज्यासाठी ठरवलेल्या एकाच बिंदूवर टाकलेल्या असतात, आणि तो बिंदू ज्या लोकॅलिटीत पडेल ती उगाच रक्तबंबाळ दिसते. लोकॅलिटीच्या नकाशासाठी १ ते ३ च घ्या, ४ च्या राज्याच्या तक्त्यात.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानभर दूरसंचार कोलमडला होता. त्या आठवड्यांत घटना कमी दिसल्या तर शांतता म्हणून वाचू नका.

दर हजारी प्रमाण काढायचा विचार असेल तर मी म्हणेन, नको. सुदानची शेवटची जनगणना २००८ ची. वर्ल्डपॉपच्या लोकसंख्या-अंदाजाचे १०० मीटरचे चौकोन कितीही देखणे असले तरी खाली तोच जुना पाया आहे, आणि युद्धानंतर लोक तिथून हललेत हाच तर तुमचा विषय आहे.

धूर_आणि_ढग

प्रमाण अगदीच नको असं नाही. राज्य पातळीवर, 'युद्धापूर्वीच्या अंदाजित लोकसंख्येच्या तुलनेत' असं स्पष्ट लिहून द्यायला हरकत नाही. लोकॅलिटीला नको, हे मान्य.

आकडेमोड

शेवटचं एक. छावण्यांचे अक्षांश-रेखांश काही संचांत उघडच आहेत. नकाशावर टाकू का?

तिसरी_रांग

टाकू नका. उघड असणं आणि चार थर एकत्र करून दाखवणं यात फरक आहे. जागा, संख्या, मूळ गाव आणि ताज्या हालचालीची दिशा एकाच नकाशावर आली की तो हल्लेखोराच्याही कामाचा होतो. लोकॅलिटीपर्यंत गोळा करा. मूळ राज्यानुसार फोड देत असाल तर अगदी छोटे आकडे झाका, आणि झाकताना एकाच वेळी दोन तरी झाका. ओळीत एकच चौकट झाकून शेवटी बेरीज छापली, तर वजाबाकी करून कुणीही ती उघडी करतं.

उतरवलेल्या मूळ फाइल्स मात्र तारखेसकट जपून ठेवा, बदल न करता. पुष्कळदा त्याच दुव्यावर नवी फाइल चढते आणि जुनी मागे राहत नाही.