सखी सेंटरचे ५ दिवस संपले की बाईने जायचं कुठे?

माहेरची_वाट

नमस्कार. मन फार जड झालंय म्हणून लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीतली एक ताई पंधरा दिवसांपूर्वी रात्री साडेअकराला माझ्या दारात आली, एका पायात चप्पल, दोन पोरं आणि हातात एक कॅरीबॅग. कॅरीबॅगमध्ये रेशनकार्ड, पोरांचे आधार आणि थोरल्याचं शाळेचं बोनाफाईड. एवढा मार खाऊनही तिने ती पिशवी सोडली नव्हती, म्हणजे तिची तयारी कधीपासूनची असणार, आणि मी रोज नळावर तिच्याशी बोलत होते तरी मला काही कळलं नाही याचंच वाईट वाटतंय.

१८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाईनला फोन केला, त्यांनी सखी सेंटरचा (मारहाण झालेल्या बायकांना आसरा आणि मदत देणारं सरकारी केंद्र) पत्ता दिला, सकाळी रिक्षाने घेऊन गेले. तिथल्या मॅडम खरंच चांगल्या होत्या, आधी चहा दिला मग विचारपूस केली, पण त्या एकट्याच होत्या. काउन्सेलरची जागा रिकामी, मॅडमचं स्वतःचं मानधन चार महिने थकलेलं. राहायला ५ दिवस मिळतील म्हणाल्या, धाकटी सोबत चालेल पण थोरला १३ वर्षांचा आहे त्याला ठेवता येणार नाही. तो माझ्याकडे राहिला, रोज विचारायचा आई कधी येणार. सहाव्या दिवशी ताई परत त्याच घरात गेली.

माझा प्रश्न एवढाच आहे की या कामासाठी सरकार पैसे देतं ना? मग ते अडतात कुठे? आणि आपण साध्या माणसांनी काय करायचं?

गोदाकाठ

ताई, मी तीन वर्षं असल्याच सेंटरला केस वर्कर होते (कुठे ते सांगत नाही), त्यामुळे तुमचं वाचून पोटात कालवलं.

पैसे आहेत. दिल्लीच्या निर्भया बलात्कार प्रकरणानंतर २०१३ च्या बजेटमध्ये १००० कोटींचा निर्भया फंड जाहीर झाला, त्यातूनच १ एप्रिल २०१५ पासून ही वन स्टॉप सेंटरं म्हणजे आपली सखी सेंटरं सुरू झाली. खर्च केंद्र सरकारचा, चालवते कलेक्टरसाहेबांच्या अध्यक्षतेखालची समिती. आता हे सगळं केंद्राच्या मिशन शक्ती योजनेत आलंय. अडतं कुठे तर हप्त्यात. आधीच्या पैशाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, ते एका टेबलावर महिनाभर पडलं की इकडे सगळ्यांचे पगार बंद. आम्ही सगळ्या कंत्राटी. माझ्यासोबतची काउन्सेलर इतकी छान होती, बाई दोन तास नुसती रडत बसली तरी ती घड्याळ बघायची नाही, पण पाच महिने पगार नाही म्हटल्यावर तिने शाळेत नोकरी धरली. तिच्या सगळ्या केसेस मग मला पहिल्यापासून विचाराव्या लागल्या, म्हणजे त्या बायकांना तेच सगळं परत सांगायला लागलं. बिल्डिंग, फर्निचर, उद्घाटनाचा बोर्ड याला पैसे वेळेत मिळतात, माणसाच्या पगाराला मिळत नाहीत, माझा सगळा राग त्याच्यावर आहे.

५ दिवसांनंतर शक्ती सदन असतं, पूर्वीचं स्वाधार गृह, तिथे जास्त राहता येतं. त्याचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात, म्हणजे दोन ठिकाणच्या हप्त्यांची वाट बघायची. आणि मोठ्या मुलाचा प्रश्न तिथेही येतोच. मी पाहिलेल्या कितीतरी बाया मार खायला परत गेल्या त्या नवऱ्यासाठी नाही, थोरल्या पोरासाठी.

काळा_कोट

तालुका कोर्टात प्रॅक्टिस करतो. ताईंना एक सांगा, घर तिनेच सोडायचं असं कायद्यात कुठेही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम १७ प्रमाणे तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही यात येऊ शकतं असं सांगितलंय. कलम १९ खाली नवऱ्यालाच बाहेर राहायचा आदेश होऊ शकतो, आणि परिस्थिती गंभीर असेल तर कलम २३ खाली लगेच अंतरिम आदेश मागता येतो. तेरा वर्षांच्या पोराला घेऊन आपल्याच घरात राहता आलं तर त्या वयाच्या नियमाचा प्रश्नच येत नाही.

आता निधीचं. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण ३ दिवसांत, नोटीस संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेला सरकारी अधिकारी) जास्तीत जास्त २ दिवसांत बजावायची, निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न करायचा. आमच्याकडच्या संरक्षण अधिकारी मॅडमकडे आणखी दोन चार्ज आहेत, गाडी नाही, नोटीस घेऊन एसटीने गावोगाव जातात, नवरा घरी सापडला नाही की पुढची तारीख. माझ्या अनुभवात पहिले दोन महिने नुसत्या नोटिशीत जातात. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की महिला व बालविकास खात्यातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. पण नुसतं पदनाम देऊन भागत नाही, टेबल, माणूस आणि पेट्रोल लागतं.

वकिलाची फी लागत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा.

रानजाई

लाडकी बहीणचे १५०० येतात ना आता, त्यात थोडीफार सोय होत नाही का? खरंच विचारतेय.

गोदाकाठ

@रानजाई होते गं, बसभाड्याला, पोरांच्या वह्यांना उपयोग होतो, मी नाही म्हणणार नाही. पण कितीजणींचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं. आणि रात्री साडेअकराला दार उघडायला कुणीतरी पगारी माणूस तिथे असावं लागतं, त्याचा खर्च वेगळाच करायला हवा.

नाईट_ड्युटी

मी नर्स आहे, मुंबईत. मला वाटतं आपण सगळे फार उशिराचं बोलतोय. बाई सेंटरला यायच्या आधी कितीतरी वेळा कॅज्युअल्टीला येऊन गेलेली असते. 'बाथरूममध्ये पडले' म्हणते आणि जखम असते दंडाच्या आतल्या बाजूला, बोटांचे ठसे सरळ दिसतात. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० साली महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून दिलासा केंद्र सुरू केलं ते यासाठीच, की अशी बाई दिसली की डॉक्टर-नर्सने तिला त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवायचं. तिला घरी वेगळं कारण सांगावं लागत नाही, दवाखान्यात गेले होते एवढंच. पुढे हे पालिकेच्या इतर हॉस्पिटलांतही गेलं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक खोली आणि एक ट्रेनिंग घेतलेली, वेळेवर पगार मिळणारी बाई बसवायला असा किती खर्च येणार आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ मध्ये आहे, मार किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के मदत मागतात. बाकीच्या सखी सेंटरच्या दारापर्यंत पोचतच नाहीत.

माहेरची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रभर परत परत वाचत होते.

दोन गोष्टी करतेय. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय, आपल्याकडे १५० शब्द आणि एकच विषय चालतो म्हणून तीनदा खोडून लिहिला: सेंटरची मंजूर पदं किती, भरलेली किती, मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिलं, युटिलायझेशन सर्टिफिकेट कोणत्या तारखेला पाठवलं. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट उद्या आणते.

आणि ताई काल नळावर भेटली. घर सोडायची गरज नाही, घरातच राहायचा हक्क आहे, हे सांगितलं तर हंडा खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. गुरुवारी ती 'दवाखान्यात' जाणार आहे, म्हणजे आम्ही दोघी विधी सेवा समितीत जाणार आहोत. कॅरीबॅग तिने माझ्या कपाटात आणून ठेवलीय.

@काळा_कोट दादा, सोबत अजून कोणते कागद घ्यायचे तेवढं सांगा.